पन्नास डॉलर आणि 26 दिवस

एका निवडणुकीच्या निकालावर पन्नास डॉलर लावायचे होते, आणि त्यासाठीचं खातं सुरू व्हायला 26 दिवस लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मिशिगनच्या 13व्या काँग्रेस मतदारसंघाचे, म्हणजे डेट्रॉइटकडचे खासदार श्री ठाणेदार आमच्या बेळगावचे. 2018 साली गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते तिसरे आले, तेव्हापासून मी त्यांच्या निवडणुका मनापासून बघते. 4 ऑगस्ट 2026 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांना आव्हान आहे डोनव्हन मॅकिनी यांचं, ज्यांना सिनेटर बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा आहे. मी राहते दुसऱ्या राज्यात, तिथे मला मत नाही. पण उमेदवारी कुणाला मिळणार यावर करार विकत घेता येतात हे कळल्यावर आपला अंदाज पणाला लावावासा वाटला. घरून 'हा सट्टाच' असं ऐकावं लागलं. सरकारी नियमनाखालच्या एक्स्चेंजवर असे निवडणूक-करार ऑक्टोबर 2024 मध्ये अपील कोर्टाने स्थगिती उठवल्यावर सुरू झाले, एवढं मी घरी समजावून सांगितलं.

अशाच एका एक्स्चेंजवर खातं उघडायला घेतलं. ईमेल, फोन, पत्ता, सगळं झालं. ओळख पटवण्याच्या पानावर लाल अक्षरं आली: नाव जुळत नाही.

लायसन्सचा फोटो पाठवला. जुळत नाही. पासपोर्ट पाठवला. जुळत नाही. चॅटवर पाच वेळा तेच ठोकळेबाज उत्तर, 'फोटो स्पष्ट काढा'. फोटो स्पष्टच होता! माझ्या कागदांवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. अकराव्या दिवशी एक खरा माणूस उत्तराला आला, तेव्हा कळलं की त्यांचा संगणक क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे लोकांच्या कर्ज-कार्डांचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीच्या, नोंदीशी नाव ताडतो. विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा पहिलं क्रेडिट कार्ड वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावावर काढलं होतं. ती नोंद तशीच पडून होती. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, हे त्यांच्या फॉर्ममध्ये कुठेच बसत नाही.

मग लग्नाचा दाखला मागितला. तो बेळगावचा, म्हणजे कन्नडमध्ये. इंग्रजी भाषांतर करून घेतलं, सही-शिक्क्यासह पाठवलं. आठ दिवस काही नाही. पुन्हा विचारलं तर 'फाइल उघडत नाही'. पुन्हा पाठवलं. 26व्या दिवशी, काही न कळवता, खातं चालू झालेलं दिसलं. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

तोवर मी मनात धरलेला कराराचा भाव निघून गेला होता.

तेव्हा आधी इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट काढून आपलं नाव कसं आहे ते बघा; फुकट मिळतात. मी हे शेवटी केलं.

करार साधा आहे. अंदाज बरोबर आला तर एका कराराचा एक डॉलर, चुकला तर शून्य. म्हणजे 40 सेंट भाव असला तर बाजार साधारण 40 टक्के शक्यता धरतोय. पण असल्या छोट्या प्रायमरीत घेणारे-विकणारे थोडे, त्यामुळे खरेदी आणि विक्रीच्या भावात मोठी फट असते. आपला भाव लिहून ऑर्डर लावायची आणि थांबायचं. माझी दोन तुकड्यांत भरली.

मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. 2022 मध्ये नऊ उमेदवारांत ठाणेदार सुमारे 28 टक्क्यांवर जिंकले. म्हणून विरोधातली मतं किती जणांत फुटतात हे आधी पाहावं, पोल नंतर.

हो, उमेदवारी अर्जाला लागणाऱ्या मतदारांच्या सह्याही विसरू नका. 2024 मध्ये ठाणेदारांविरुद्ध उभे राहू पाहणाऱ्या अ‍ॅडम हॉलियर यांच्या हजार वैध सह्या भरल्या नाहीत आणि ते मतपत्रिकेवर आलेच नाहीत. पैसे लावण्याआधी करारातला नियम पूर्ण वाचा: निकाल प्रायमरी जिंकण्यावर लागणार, की नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव कुणापुढे असेल त्यावर.

माझे करार मी 4 ऑगस्टच्या रात्रीपर्यंत विकणार नाही.