बेसमेंट मेंब्रेन: प्रयोगशाळेच्या वहीतला एक आठवडा

सोमवार

आज उंदराच्या भ्रूणातल्या लाळग्रंथी सोडवायचा दिवस. बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे पेशींच्या थराखालची प्रथिनांची पातळ चादर, पाहायचं ते यांतच. उंदराच्या मादीला सकाळी प्लग (समागमानंतर योनीत राहणारी गुठळी) दिसला की त्या दिवशीची दुपार गर्भाचा ०.५ वा दिवस धरायची आणि पुढे मोजत जायचं. जबड्याखालच्या लाळग्रंथीसाठी १२.५ ते १३ हा टप्पा बरा. १२ व्या दिवशी देठाच्या टोकाला एकच गोळा असतो, १३ व्याला तीन ते पाच फुगवट्या. त्याहून उशीर केला तर फांद्या इतक्या होतात की कुठली खाच (फुगवटी दुभंगणारी चीर) आधीची आणि कुठली डिशमध्ये पडली, हे सांगता येत नाही. एकाच गर्भाशयातले भ्रूणही थोडे मागेपुढे असतात. त्यामुळे निवड तारखेवर करायची नाही, फुगवट्या मोजून करायची. एका भ्रूणाची एक ग्रंथी प्रयोगाला, दुसरी कंट्रोलला. ही जोडी मोडली की आकड्यांतला निम्मा पसारा आपणच घातलेला असतो.

तोंडाच्या रेषेत काप घेऊन खालचा जबडा जिभेसकट वेगळा करायचा. जिभेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना ग्रंथी दिसतात: बाहेर मेसेंकाइमची (सैल आधार-पेशींची) काचेसारखी टोपी, आत एपिथेलियमचे (एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या थराचे) किंचित दाट गोळे. ५ नंबरच्या चिमट्याने धरायचं ते मेसेंकाइम, फुगवटी कधीच नाही. दाबली गेलेली फुगवटी त्या वेळी काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे खाच पडत नाही आणि वहीत औषधाचा परिणाम म्हणून नोंद होते.

ग्रंथी ठेवायची ०.१ मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर, आणि फिल्टर तरंगवायचा २०० मायक्रोलिटर मीडियमवर (पोषक द्रवावर). खालून मीडियम, वरून हवा. मीडियम जास्त झालं तर फिल्टर बुडतो आणि ग्रंथी घसरून एकमेकींना चिकटतात. कमी झालं किंवा डिशभोवती ओलावा नसला, तर रात्रीतून त्या सुकतात.

मीडियम म्हणजे डीएमईएम/एफ१२ हे तयार मिश्रण, त्यात ट्रान्सफेरिन (लोह वाहून नेणारं प्रथिन) मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम आणि क जीवनसत्त्व १५० मायक्रोग्रॅम. सीरम लागत नाही. क जीवनसत्त्वाचं महत्त्व नवख्यांना पटत नाही. कोलॅजेन या आधार देणाऱ्या प्रथिनाच्या साखळीतल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या एन्झाइममधलं लोह त्याच्यामुळे कामाच्या अवस्थेत राहतं. हायड्रॉक्सिल नसेल तर कोलॅजेनचा तिपेडी पीळ ३७ अंशांवर टिकत नाही आणि पेशी तो नीट बाहेर सोडत नाही. शिवाय मीडियममध्ये हे जीवनसत्त्व लवकर ऑक्सिडाइज होतं. मागच्या आठवड्याच्या बाटलीत ते फक्त लेबलवर असतं.

मंगळवार

भ्रूणशास्त्रात शिरणाऱ्याला बेसमेंट मेंब्रेन पहिल्यांदा भेटतं ते आकृतीतली एक रेघ म्हणून. वर एपिथेलियम, खाली मेसेंकाइम, मध्ये रेघ. पुढची वीस वर्षं त्या रेघेवर जातात. भ्रूणशास्त्रज्ञ ग्रोबस्टीनने १९५३ मध्ये दाखवलं की लाळग्रंथीच्या एपिथेलियमला फांद्या फुटायला मेसेंकाइम लागतं. १९६५ मध्ये त्याने आणि कोहेनने कोलॅजेनेज वापरून दाखवलं की दोहोंच्या मधलं कोलॅजेन पचवलं की आकार मोडतो. त्या रेघेत आहे तरी काय, हे हाताला लागलं त्यानंतर. १९७९ मध्ये टिम्पल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या ईएचएस नावाच्या ट्यूमरच्या गाठीतून लॅमिनिन हे मेंब्रेनचं मुख्य प्रथिन वेगळं केलं. ही गाठ मेंब्रेनचा माल भरमसाट बनवते. मॅट्रिजेल, म्हणजे पेशी वाढवायला वापरतात ते विकतचं जेल, येतं तेही याच गाठीतून.

पण मॅट्रिजेल म्हणजे बेसमेंट मेंब्रेन नव्हे, हे डिशवर लिहून चिकटवायला हवं. घटक ओळखीचे आहेत: साधारण ६० टक्के लॅमिनिन, ३० टक्के कोलॅजेन ४ (मेंब्रेनमधला कोलॅजेनचा प्रकार), थोडी निडोजेन, पर्लेकॅन ही इतर प्रथिनं. पण शरीरात ते पातळ चादर असतं, इथे पेशी त्याच्या खिरीत बुडालेली असते. वाढीचे घटक आत आहेतच, आणि प्रत्येक लॉटमध्ये त्यांचं प्रमाण वेगळं. बाटली बर्फात ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायची, टिप्स आणि नळ्याही गार. १० अंशांच्या वर गेलं की ते जेल होऊन घट्ट बसू लागतं. पिपेटमध्येच गुठळी झाली की ओढलेलं माप खोटं ठरतं.

एपिथेलियम सोलण्यासाठी डिस्पेज हे एन्झाइम वापरतात, ३७ अंशांवर १५-२० मिनिटं. ते फायब्रोनेक्टिन (पेशींबाहेरचं एक प्रथिन) आणि कोलॅजेन ४ कापतं. म्हणजे उघडं एपिथेलियम हाती येतं तेव्हा ज्याचा अभ्यास करायचा तेच सोललं गेलेलं असतं. ते मॅट्रिजेलमध्ये पुन्हा चादर विणतं, पण त्यातले धागे पेशींचे किती आणि गाठीचे किती? टॅग (ओळखीची खूण) लावलेलं प्रथिन हाताशी नसेल, तर या प्रश्नाला उत्तर नाही.

बुधवार

स्टेनिंग, म्हणजे रंग जोडलेल्या अँटीबॉडीने प्रथिनं दाखवणं. आधी ग्रंथी फिक्स करायला ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड), साध्या तापमानाला २०-३० मिनिटं. ‘असू दे रात्रभर’ म्हटलं की लॅमिनिनचे एपिटोप (अँटीबॉडी चिकटते त्या जागा) झाकले जातात आणि रेघ तुटक दिसते. तुटक रेघ पाहून कुणीतरी लिहितं, मेंब्रेन विरघळलं. पॅराफिन मेणात बसवून घेतलेले काप असतील तर प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) लावून एपिटोप उघडावे लागतात. तेही जास्त झालं तर रेघच जाते. दोन्ही चुकांचा फोटो हुबेहूब सारखा येतो.

दुसरा घोळ अँटीबॉडीचा. ईएचएस लॅमिनिनविरुद्ध बनवलेली पॉलिक्लोनल (अनेक जागा ओळखणारी मिश्र) अँटीबॉडी α१, β१, γ१ तिन्ही साखळ्या ओळखते. β१ आणि γ१ कितीतरी लॅमिनिनांत आहेत. त्यामुळे तिने रंगलेलं सगळं ‘लॅमिनिन-१११’, म्हणजे α१β१γ१ हा एकच प्रकार, म्हणणं चूक, पण तशी वाक्यं छापून येतात.

आणि जाडी. मेंब्रेन साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचं, साध्या कॉन्फोकल (लेझर) सूक्ष्मदर्शकाची आडव्या दिशेने दोन ठिपके वेगळे दाखवण्याची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या वर. पडद्यावर दिसणाऱ्या रेघेची रुंदी ही सूक्ष्मदर्शकाची रुंदी आहे. रेघ जाड झाली, असं या फोटोवरून म्हणता येत नाही. ठरावीक लांबीवरची एकूण चमक मोजता येते, तीही डिटेक्टर कमाल चमकेपर्यंत भरला नसेल तर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जाडी दिसते खरी, पण नमुना वाळवून. पेशी आणि मेंब्रेन यांच्यामधला फिका पट्टा, लॅमिना ल्युसिडा, पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं थर म्हणून काढला गेला. फ्रीज सब्स्टिट्यूशन (झटकन गोठवून थंडीतच पाणी काढणं) केलेल्या नमुन्यांत तो दिसेनासा होतो. कोंबडीच्या भ्रूणाच्या डोळ्यातलं मेंब्रेन ओलं ठेवून एएफएमने (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) मोजलं, तेव्हा ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्यापेक्षा साधारण दुप्पट भरलं.

गुरुवार

फक्त एक नोंद, जनुकांबद्दल. उंदरात लॅमिनिनच्या γ१ साखळीचं जनुक काढलं तर भ्रूण ५.५ व्या दिवशीच संपतो. कोलॅजेन ४ ची α१ आणि α२ काढली तर १०.५-११.५ पर्यंत जातो. त्याआधी मेंब्रेन दिसायला ठीक असतं, मग ठिकठिकाणी फाटतं. जुळणी लॅमिनिनची, मजबुती कोलॅजेनची, हा निष्कर्ष इथून निघाला. निडोजेनच्या दोन जनुकांपैकी एक काढलं तर उंदीर जगतो, दोन्ही काढली तर जन्माच्या सुमारास मरतो. ‘नॉकआउटमध्ये (जनुक काढलेल्या प्राण्यात) काही झालं नाही, म्हणून प्रथिन बिनमहत्त्वाचं’ हे वाक्य खोडायला एवढं पुरे.

शनिवार

जिवंत ग्रंथीचं चित्रण. कोलॅजेन ४ च्या अँटीबॉडीला रंग जोडून ती मीडियममध्ये घालायची. अख्ख्या अँटीबॉडीला दोन हात असतात, ती शेजारचे दोन रेणू बांधू शकते. ज्याची हालचाल पाहायची त्यालाच शिवून टाकायचं नसेल तर फॅब तुकडे (अँटीबॉडीचा एकच हात) बरे.

फुगवटीच्या टोकाशी मेंब्रेनला शेकडो बारीक छिद्रं दिसतात आणि अख्खी चादर हळूहळू देठाकडे सरकते. २०१४ मध्ये हारुनागा, डॉइल आणि यामाडा यांनी हे दाखवलं: प्रोटिएज रोखा किंवा अ‍ॅक्टोमायोसिनचं (पेशी आखडवणाऱ्या प्रथिनांचं) आकुंचन रोखा, दोन्हींचा फटका छिद्रांना बसतो. फिक्स केलेल्या ग्रंथीतही ही छिद्रं होतीच. फक्त ती ‘खराब स्टेनिंग’ म्हणून बाजूला पडायची सोय होती, आणि बुधवारचा घोळ आठवला तर तसं म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. २०२१ मध्ये यामाडांच्याच गटाने दाखवलं की पृष्ठभागावरच्या पेशी मेंब्रेनला घट्ट आणि एकमेकींना सैल धरतात, थर पसरतो आणि दुमडतो, तिथे खाच पडते. १९६५ मध्ये कोलॅजेनेजने नक्की काय मोडलं, याचा उलगडा इथे होतो.

लेझरने ग्रंथी थकते. थकलेली ग्रंथी मरत नाही, नुसती खाचा पाडायची थांबते, म्हणून ओळखू येत नाही. त्याच डिशमध्ये लेझर न लागलेली जोडीची ग्रंथी हवीच. आज चोवीस तासांनंतर मोजलं तर चित्रित ग्रंथीत ११ फुगवट्या, अंधारातल्या जोडीदारात १९. हे चित्रण बाद. पुढच्या खेपेला पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटांनी एक स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांचा संच), लेझर निम्म्यावर, आणि बाद करायचा निकष आधी लिहून ठेवायचा: जोडीपेक्षा एकपंचमांशाहून जास्त मागे पडली तर फाइल न उघडता काढून टाकायची.