चुंबक

"मालक, हितं पत्रा न्हाई, नुसती पुट्टी हाय."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी खिशातनं लोहचुंबक काढून १९६८ च्या फियाटच्या दाराला खालच्या कडेला टेकवलं. चिकटलंच नाही. बॉनेटवर गप्पकन चिकटलं, मागच्या चाकावरच्या कमानीला परत गळून पडलं.

मी तासभर त्या चकाकत्या रंगावर भाळलेलो. आरसी बुकातला चासी नंबर जुळला, तेव्हाच मनातल्या मनात साडेतीन लाख मोजूनही टाकलेले!

इंजिनाचं काय, उद्यमनगरात उघडून परत बांधतील. पण सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा म्हणजे खिसा रिकामा. मी दोन लाख म्हणालो.

गाडीचे मालक बराच वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. "वडिलांची गाडी आहे हो. त्याचं काही धरलं नाही तुम्ही."

ते कसं धरतात?