तुम्ही विचारलंत म्हणून: कलकत्ता कप आला कुठून?

मला रग्बीचा नाद आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला: इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी रग्बी खेळतात, त्याच्याशी कलकत्त्याचा काय संबंध?

संबंध एका बुडालेल्या क्लबाचा आहे. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यातल्या साहेबांनी सामना मांडला. एकीकडे इंग्लंडवाले, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स मिळून. दोन्हीकडे वीस-वीस गडी. रंग असा चढला की आठवड्याच्या आत पुन्हा खेळले आणि १८७३ च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. नाव फुटबॉलचं, खेळ रग्बीचा.

चार-पाच वर्षांत गाशा गुंडाळला. पलटण बदलून गेली, लोक पोलो-टेनिसकडे वळले, उकाड्याचं नाव पुढे झालं. पण क्लबातली फुकटची दारू बंद झाल्यावर सभासद भराभर गळाले, हे कारण मला जास्त खरं वाटतं!

शेवटी कप्तान, सचिव आणि खजिनदार अशी तिन्ही कामं जेम्स रॉथनी या एकाच माणसाकडे होती. यावरून काय ते ओळखा. त्यानं डिसेंबर १८७७ मध्ये लंडनच्या रग्बी युनियनला, म्हणजे इंग्लंडमधल्या रग्बीच्या मुख्य संघटनेला, पत्र लिहिलं आणि शिल्लक पैशांतून चषक देऊ केला. बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले, आणि इथल्याच कारागिरांनी चषक घडवला: अंगभर बारीक नक्षी, धरायला फणा काढलेले तीन नाग, झाकणावर हत्ती. एवढा पैसा पार्टीत उडवणं त्या मंडळींना सहज जमलं असतं, म्हणून रॉथनीचं कौतुक.

१८७९ साली एडिनबरोत त्यासाठी पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला. १८८८ नव्हे, १९८८ साली सामन्यानंतरच्या रात्री दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूनं तो एडिनबरोच्या रस्त्यावर चेंडूसारखा लाथाडला. चषक चेपला, स्कॉटलंडच्या गड्यावर सहा महिन्यांची बंदी आली.

उकाड्याची सबब मला पटत नाही ती आपल्या मुंबईमुळे. बॉम्बे जिमखान्यावर रग्बी चालते ती ऐन पावसाळ्यात. तेव्हा क्रिकेट बंद, मैदान मोकळं, आणि चिखलात आपटलं तरी लागतं कमी. अभिनेता राहुल बोस जिमखान्याकडून खेळायचा. १९९८ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्या संघात तो होता.