आईची गाठ आणि एमआरआयची गोधडी

आईच्या परकराची नाडी पुरेना झाली तेव्हा आम्ही तिला वजन वाढलंय म्हणून चिडवत होतो. दंड मात्र बारीक होत चालले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात १७ सेंटिमीटरची गाठ निघाली. ‘कॉम्प्लेक्स सिस्ट, मॅलिग्नन्सी नाकारता येत नाही’, म्हणजे कॅन्सर नसेलच असं नाही, एवढंच रिपोर्टवर. देणाऱ्याने पाकीट सरकवलं आणि पुढचा नंबर पुकारला. रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) आलं ५८. हवं ३५ च्या आत. पण एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), पोटाच्या टीबीतही ते वाढतं, हे मला नंतर कळलं. तोवर दोन रात्री गेल्या होत्या.

“सुई घालून तुकडा काढा ना,” मी डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, “गाठ अंडाशयापुरती वाटत असेल तर टोचत नाहीत. आतलं सांडलं तर पेशी पोटात पसरायची भीती. आधी एमआरआय करून घ्या.”

किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून, उपाशीपोटी नेलं. मशीनच्या खोलीत धातू चालत नाही. आईच्या बांगडीत तीन सेफ्टी पिना निघाल्या, चौथी मंगळसूत्राला. जोडवी साबण लावून काढावी लागली. गाठीचं ऐकून न रडलेली आई तेव्हा रडली. बाबा बाहेर बाकड्यावर बसले होते, तरी.

आतडी हलू नयेत म्हणून इंजेक्शन, मग पाऊण तास ती ठकठक. मधेच शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून औषध.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला दोघींना पडद्यासमोर बसवलं, हे त्यांचे उपकारच. गाठीत कितीतरी कप्पे होते, कुठला पांढरा, कुठला करडा, कुठला काळसर. प्रत्येकातल्या पाण्याचा दाटपणा वेगळा म्हणून रंग वेगळा. पुस्तकात याला रंगीत काचेच्या खिडकीची उपमा देतात म्हणे. आई म्हणाली, “गोधडीच की ही!” मॅडम हसल्या. असे कप्पे बहुधा म्युसिनस, म्हणजे बुळबुळीत द्रवाने भरलेल्या, गाठीत दिसतात. अंडाशयाचा सर्वांत जास्त आढळणारा, झपाट्याने वाढणारा हाय ग्रेड सेरस कॅन्सर असता तर बरेचदा दोन्ही बाजूंना भरीव गाठी, पोटात पाणी, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर थर, असं चित्र असतं. इथे पडदा स्वच्छ होता.

एका कोपऱ्यात मात्र थोडा भरीव भाग होता. पेशी दाटीवाटीने असल्या की पाण्याच्या कणांना हलायला जागा राहत नाही, आणि मशीनला ती अडवणूक दिसते. मॅडमच्या भाषेत, आषाढीची एसटी. शिवाय त्या भागात कॉन्ट्रास्ट किती झपाट्याने चढतो हे गर्भाशयाच्या स्नायूशी ताडून पाहतात. आईचा चढला, पण सावकाश. ओ-रॅड्स, म्हणजे अंडाशयाच्या गाठीचा धोका मोजायची पट्टी, तिचा स्कोअर ४. म्हणजे कॅन्सरची साधारण निम्मी शक्यता.

“मग कॅन्सर आहे की नाही?” मी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, “चित्रावरून अंदाज सांगते. नाव पॅथॉलॉजीवालेच देणार.”

पण त्या अंदाजाने पुढचं सगळं ठरलं. म्युसिनस गाठ कधी जठरातून, आतड्यातून किंवा अपेंडिक्समधून आलेली असते. म्हणून तोंडाकडून आणि गुदद्वाराकडून, दोन्हीकडून दुर्बीण झाली, रक्तातलं सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) तपासलं. दुर्बिणीआधी आतडी साफ करायचं ते औषध! आईच्या मते अख्ख्या आजारपणातला सर्वांत वाईट भाग तोच. दोन्हीकडे काही निघालं नाही. पसरलेला सेरस वाटला असता तर कदाचित आधी केमो दिली असती. आता थेट ऑपरेशन. गाठ न फोडता अख्खी काढली, आणि पोट उघडं असतानाच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासायला, पाठवली. बाहेर आलेला निरोप होता ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधली. मोठ्या गाठीत फ्रोझन चुकू शकतं, हेही सांगितलं होतं. दहा दिवसांनी पक्का रिपोर्ट आला: बॉर्डरलाइन म्युसिनस. केमो नको.

पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. नुसती सोनोग्राफी, पिना काढायची काही गरज नाही, असं दोनदा सांगितलं. तरी चारही पिना आणि जोडवी पर्सच्या चेनच्या कप्प्यात जाऊन बसलीत.