आमची वाटचाल: मातीशिवायची नर्सरी

सावंतवाडीपासून थोडं आत आमची आंबा-सुपारीची वाडी आहे आणि तिथेच मी आणि दादा टिलँडसिया, म्हणजे लोक ज्याला एअर प्लांट म्हणतात ती रोपं वाढवतो. पहिला खोका घरी आला तेव्हा आजीने एक रोप हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, "कलमार काय बांडगुळां कमी असत, म्हणान तू ही पैशे दिवन हाडलंस?" गिऱ्हाईक अजूनही हेच विचारतं म्हणून आधी ते सांगते. बांडगूळ आंब्याच्या लाकडात मुळं घुसवून त्याचा रस पितं, टिलँडसिया झाडाचं काहीच घेत नाही, मुळं फक्त धरून ठेवायला. पाणी आणि खत सगळं पानांवरच्या बारीक खवल्यांतून जातं. करडं दिसणारं रोप पाण्यात बुडवलं की बघता बघता हिरवं होतं ना, तो त्या खवल्यांचाच खेळ.

मूळची ही झाडं अमेरिका खंडातली, अननसाच्या कुळातली, सहाशेच्या वर जाती. आमच्याकडे मुख्य तीनच: स्पॅनिश मॉस (नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हे, टिलँडसियाच आहे), छोटी आयोनँथा जिची आतली पानं फुलायच्या आधी लालबुंद होतात, आणि झेरोग्राफिका. झेरोग्राफिकावर माझा विशेष जीव. ती मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर इथल्या कोरड्या काटेरी जंगलातली. तिथून इतकी ओरबाडली गेली की 1992 पासून साइटिसच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे परमिटशिवाय बाहेर पाठवता येत नाही. आम्ही आयातदाराकडून घेतो तेव्हा नर्सरीत वाढवल्याचे कागद बघितल्याशिवाय माल उतरवत नाही, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता कोरड्या जंगलातलं झाड आणि आमचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस, हे जमवणं म्हणजेच आमचा धंदा. वर प्लास्टिक, चारी बाजू उघड्या, खाली शेडनेट आणि पावसाळ्यात पंखे चालूच, कारण या झाडाला ओलं होणं चालतं पण ओलं राहणं चालत नाही. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडून हवा घेतात, म्हणून संध्याकाळी पाणी कधीच नाही, सकाळी बुडवायचं, झटकायचं, उलटं ठेवायचं आणि चारेक तासांत पार सुकलं पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये तर आम्ही पाणीच देत नाही, हवेतलंच पुरतं. रोज सकाळी दादा एकेका झेरोग्राफिकाचा बुडखा अंगठ्याने दाबून बघतो, टणक लागला तर ठीक, मऊ लागला आणि मधलं पान ओढल्यावर हातात आलं तर ते रोप गेलं, लगेच बाजूला काढायचं.

एका बाबतीत मात्र कोकणानेच हात दिला, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. क्षारांचं बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरा थर बसतो आणि खवले बुजतात, पुण्याच्या गिऱ्हाइकांना म्हणून आम्ही पावसाचं पाणी साठवा असंच सांगतो.

सगळ्यात मोठा दणका बसला तो तांब्याचा. पावसाच्या तोंडावर सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात, बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांब्याचंच मीठ, आणि तांबं या कुळाला विष. शेजारच्या वाडीतला फवारा वाऱ्याने आमच्याकडे आला आणि आयोनँथाची एक अख्खी रांग शेंड्यापासून काळी पडत गेली. वाडीवाले काका आता फवारणीच्या आदल्या दिवशी न चुकता फोन करतात, आम्ही त्या बाजूला ताडपत्री सोडतो. हौशी लोक शोभेसाठी तांब्याच्या तारेने रोपं बांधतात त्यांनाही हेच सांगणं, तार नको, सुंभ वापरा. आमचे हँगर गावातल्या बायका काथ्याचे वळून देतात.

रोप एकदाच फुलतं, मग बुडाशी पिल्लं देतं. पिल्लू आईच्या निम्मं झालं की सोडवायचं. बियांपासूनही करून बघतोय, बी रुईच्या म्हातारीसारखं उडतं, ते गोणपाटावर चिकटवून ओलं ठेवायचं, पण बोटभर व्हायलाच वर्षं जातात. घाऊकवाले म्हणतात, बाहेरून आणा आणि आठवड्यात विका. आम्ही नाही करत. बाहेरून आलेलं रोप आमच्याकडे एक पूर्ण पावसाळा काढतं, जगलं तरच यादीत येतं, त्यामुळे माल कमी आणि भाव थोडा जास्त, पण मुंबईच्या दमट फ्लॅटमध्ये ते टिकतं आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं. बंद काचेच्या गोळ्यात ठेवणार असाल तर मात्र आम्ही सरळ नको म्हणतो, आत हवा खेळत नाही आणि रोप कुजतं.

कुरिअर ऑक्टोबर ते मे. रोप कोरडं करून वर्तमानपत्रात गुंडाळून येतं, हातात पडलं की त्याच सकाळी अर्धा तास पाण्यात ठेवा. जून ते सप्टेंबर पाठवणं बंद, वाडीवर येऊन बघायला कधीही या, फक्त आधी फोन करा.