चिनी म्हणींची वही: सापाचे पाय

या खेपेला 'ह्वा शे थ्येन चू'. साप काढायचा आणि वर त्याला पाय जोडायचे. चारही अक्षरं आता न बघता उतरतात. 'शे' म्हणजे साप. त्याचे 11 फराटे, डावीकडे किड्याच्या चिन्हाचे 6 आणि उजवीकडे 5. गंमत म्हणजे तो उजवा भागच मुळात सापाचं चित्र होता. पुढे तो सर्वनामाच्या कामाला जुंपला गेला, म्हणून सापाला शेजारी किडा घ्यावा लागला.

उच्चारात आपण मराठी माणसं नशीबवान. शेवटचा 'चू' हा 'चूक'मधल्या च चा, 'चिंच'मधल्या नव्हे. सूर: उतरता, चढता, सपाट, चढता. 'शे' चढवाच, उतरवलात तर बाण मारणं होतं.

झालेल्या कामात नसती भर घालून ते घालवणं, हा अर्थ कुठल्याही कोशात सापडतो. म्हणीची धार कळते ती 'चान क्वो त्स' या राज्याराज्यांतल्या डावपेचांच्या जुन्या चिनी ग्रंथातला मूळ प्रसंग वाचल्यावर. इ.स.पू. 323. छू राज्याचा सेनापती चाओ यांग वेइ राज्याची आठ शहरं घेऊन आता छी राज्याकडे वळलाय. छीच्या वतीने छन चन हा दूत त्याला भेटतो, रीतसर अभिनंदन करतो आणि विचारतो, एवढ्या विजयाला तुमच्याकडे काय मिळतं? त्याहून मोठं पद कोणतं? 'लिंगयिन', म्हणजे छूचा मुख्य मंत्री, बस्स. ते तर चाओ यांगकडे आधीच आहे!

मग छन चन त्याला गोष्ट सांगतो. पूजेनंतर सेवकांना पेलाभर मद्य मिळालं. सगळ्यांना अपुरं, एकट्याला भरपूर. ठरलं, जमिनीवर साप काढा, ज्याचा आधी होईल त्याचा पेला. पहिल्याने डाव्या हाताने पेला उचलला, उजव्याने पाय काढायला घेतले. तेवढ्यात दुसऱ्याचा साप झाला. सापाला कुठले पाय, म्हणत त्याने पेला हिसकावला आणि रिकामा केला.

'अति तेथे माती' लगेच आठवते, पण मला ती पुरेशी वाटत नाही. चित्र बिघडलं हे दुय्यम. हातातला पेला गेला, ही खरी बोच. जिंकलात तरी वरचं पद नाही, मेलात तर आहे तेही जाईल, हे चाओ यांगला पटलं आणि त्याने सैन्य माघारी नेलं.

जपानीत याचंच 'दासोकु' झालंय, नुसते 'सापाचे पाय'. लोक बोलता बोलता जादा मुद्दा जोडताना आधीच 'दासोकु देसु गा' म्हणून मोकळे होतात. ही सोय भारी आहे.

पुढचा नंबर सशाचा: 'शोउ चू ताय थू'. तो हान फेइ या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथातला, वाचायला घेतलाय.