शंभर ऑक्टेन टाकूनही गाडी ओढेना

"दोन महिने शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकतोय, तरी गायमुख घाटात गाडी ओढत नाही हो." गॅरेजमध्ये आलेल्या गाडीवाल्यांची तक्रार. गाडी 1.2 लिटरची, टर्बो नसलेली, 62 हजार किलोमीटर चाललेली. साध्या पेट्रोलवर घाटात इंजिन टकटक करायचं. महागडं टाकल्यावर आवाज दबला, पण पिकअप काही आला नाही. ऐकल्याऐकल्याच संशय पेट्रोलवरून उडाला.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. प्लगपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण दाब-उष्णतेने आपसूक पेटलं, की नॉकिंग होतं. ते जेवढं टाळता येईल, तेवढा पेट्रोलचा ऑक्टेन आकडा मोठा. नॉक सेन्सरला हादरा कळला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा पाडतं, म्हणजे टायमिंग मागे घेतं आणि ओढ जाते. चढ्या ऑक्टेनने ती परत मिळते, पण कंपनीने ठरवून दिलेल्या टायमिंगपर्यंतच. त्यापुढचं ऑक्टेन निव्वळ पैशाचा धूर.

प्लग काढले. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके, म्हणजे नॉकिंग खरंच झालेलं. एअर फिल्टर बरा होता. ईसीयूचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून कासारवडवलीच्या ट्रॅफिकमधून घाटाकडे निघालो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 98, 101, 104 अंश... डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र मध्यावर ढिम्म. काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम तसाच ठेवलेला असतो, खूप तापल्याशिवाय हलत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, तर नॉक नसतानाही टायमिंग मागेच. कूलंट आणि आत येणारी हवा तापली की ईसीयू खबरदारी म्हणून ते मागे घेतं, टाकीत काहीही असो.

गॅरेजमध्ये परत येऊन इंजिन चालू ठेवून एसी लावला. रेडिएटरचा पंखा पहिल्या स्पीडला फिरायला हवा होता, जागचा हलला नाही. फ्यूज, रिले ठीक. पहिल्या स्पीडसाठी पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर चौकटीवरच असतो, त्याच्यापर्यंत 12 व्होल्ट येत होते, पुढे काहीच नाही. मल्टिमीटरवर रेझिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. चांगला असता तर एक ओहमपेक्षाही कमी दाखवला असता. दुसरा स्पीड रेझिस्टर टाळून थेट येतो, त्यामुळे पंखा 105 अंशाला एकदम घरघरायचा आणि गाडी कधी उकळली नाही. म्हणूनच बिघाड लपून राहिला.

रेझिस्टर बदलला, प्लग नवे, कूलंट काढून नवं भरलं, हवा काढली. टाकी रिकामी करवून साधं पेट्रोल भरलं (ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून त्याचंही ऑक्टेन 95 च्या घरात आहे). त्याच चढावर कूलंट 96 च्या वर गेलं नाही. टायमिंग जागेवर, टकटक नाही.

टर्बो असेल किंवा टाकीच्या झाकणामागे 95 लिहिलं असेल, तर चढ्या ऑक्टेनचा उपयोग आहे. या गाडीच्या झाकणामागे 91 होतं. ते दाखवल्यावर गाडीवाले एवढंच म्हणाले, "तरीच सिग्नलला एसी कोमट यायचा."